कुठेही, कधीही, तीन श्वास

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, पहिल्या पाळीत, सकाळी साडेअकराच्या सुमारास चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसखाली एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. तर्जनी दुसऱ्या पेरापासून, मधले बोट मुळापासून. वय एकोणचाळीस. त्या वेळी त्यांचे डोळे मिटलेले होते. डोळे मिटायला मी सांगितले होते.

मी समुपदेशक आहे. औरंगपुऱ्यात एका कापड दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. त्याआधी सतरा वर्षे शहरातल्या एका वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केले. आवृत्तीची पाने कमी झाली तेव्हा बाहेर पडलो, मानसशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे समुपदेशनाचे प्रशिक्षण घेतले. प्रेसमध्ये हात सापडल्याच्या बातम्या डेस्कवर नेहमी यायच्या. चार ओळी, आतल्या पानावर, खाली. ही बातमी कुठेच आली नाही. मला कळल्यावर मी त्या आठवड्याची शहरातली सगळी वर्तमानपत्रे पाहिली.

ते ऑपरेटर माझ्याकडे पहिल्यांदा आले ते डिसेंबरात. एका फिजिशियनने पाठवले होते. पाळी चालू असताना छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता आपण मरणार असे वाटायचे. दोन वेळा ईसीजी काढला होता. दोन्ही साफ.

"छातीत कायच नाय म्हणतेत डॉक्टर," ते म्हणाले. "मग आत हे कोण नाचायलंय?"

खुलताबादकडच्या एका गावातले शेतकरी घर. जमीन धाकटा भाऊ बघायचा. हे बारा वर्षांपासून शहरात, बायको आणि दोन मुलींसह. बाराही वर्षे ठेकेदाराच्या हजेरीवर. पुढच्या वर्षी कंपनी काही जणांना परमनंट करणार होती आणि यादीत आपले नाव येईल असे त्यांना सुपरवायझरने सांगितले होते. त्रास त्यानंतर सुरू झाला.

"कंपनीत कुणाला कळता कामा नाय, सर. डोक्याचा इलाज चालू हाय म्हणलं की मशीनवरून काढतेत. मशीन गेलं की यादी गेली."

हे वाक्य माझ्या पहिल्या दिवसाच्या नोंदीत आहे. मशीन हा शब्दही आहे. कोणते मशीन, हे मी विचारले नाही. पहिल्या भेटीत भरून घ्यायच्या माझ्या अर्जात नोकरीसाठी एक ओळ होती. तिथे त्यांनी लिहिले होते: कंपनीत. या शहरात निम्मे लोक तेच लिहितात. गेटवरचा रखवालदार, हिशेबनीस, वेल्डर, कँटीनचा आचारी, सगळे कंपनीत असतात. डेस्कवर एखाद्या वार्ताहराने जखमीच्या नावापुढे फक्त "कंपनीत नोकरीला" असे लिहून पाठवले असते तर मी ती बातमी परत केली असती. अर्ज मी फाइलला लावला.

दुसऱ्या भेटीत श्वासाचा सराव सुरू केला. ही पद्धत सोपी आहे. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढ्यावर लक्ष ठेवायचे. मन भरकटले की त्याला न रागावता परत आणायचे. विचार थांबवायचे नाहीत, त्यांच्या मागे जायचे नाही.

"म्हणजे श्वास मोजायचा?"

"मोजायचा नाही. फक्त बघायचा."

"बघायचं काय त्यात? इतकी वर्षं न बघताच चालू हाय की."

पाच मिनिटांनी मी डोळे उघडायला सांगितले. खाली रिक्षांचे हॉर्न चालू होते. त्यांनी डोळे चोळले.

"झोप यायली होती, सर. झोपायला एवढ्या लांब आलो म्हणा की मी."

घरी करण्यासाठी मी त्यांना माझ्या आवाजातली अकरा मिनिटांची ध्वनिफीत पाठवली. धडधड सुरू झाली तर तेव्हाच्या तेव्हा करायचा एक छोटा प्रकार वेगळा सांगितला. तो मी सगळ्यांना सांगत असे, शब्दही तेच असत: कुठेही असा, कधीही, डोळे मिटा, तीन श्वास घ्या, प्रत्येक श्वास सोडताना खांदे आणि हात सैल सोडा. हे मी शिक्षिकांना सांगितले होते, बँकेतल्या एका रोखपालाला, स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना. ते सगळे खुर्चीवर बसणारे होते.

उपयोग होऊ लागला. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ते खोलीत आले ते हसतच.

"सोमवारी पुन्हा आलं होतं. जोरात. तीन श्वास घेतले, गेलं."

"तेव्हा कुठे होतात?"

"कामावरच."

"छान," मी म्हणालो. नोंदीत लिहिले: कामाच्या ठिकाणी वापर, परिणाम चांगला.

त्यांची भेट दर गुरुवारी संध्याकाळी सहाला असे. अपघातानंतरच्या गुरुवारी ते आले नाहीत. सव्वासहाला मी फोन केला. बाईमाणसाने उचलला.

"टेलरभाऊ का? हे दवाखान्यात हायेत. कपडे नंतर नेऊत."

माझा नंबर त्यांनी टेलर या नावाने ठेवला होता. पत्नीलाही सांगितले नव्हते. मी कोण आहे ते मी तिला सांगू शकत नव्हतो. कोणता दवाखाना, एवढेच विचारले. जालना रोडवरचा एक खासगी दवाखाना होता. सात वाजता पोचलो.

वॉर्डच्या बाहेर बाकावर एक साठीच्या जवळ आलेले गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, कारखान्याचा निळा शर्ट. ते शेजारच्या प्रेसवरचे ऑपरेटर होते. सगळा प्रेस शॉप त्यांना चाचा म्हणायचा. शहागंजजवळ राहायचे. हात त्यांनीच मशीनमधून मोकळा केला होता. मी ओळखीचा आहे असे सांगितल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले.

"साहेब, डोळे बंद होते याचे. मैं देख्या. मी म्हटलं, झोपला का काय हा. आवाज देणार, तेवढ्यात मशीन बसलं." त्यांनी इकडेतिकडे पाहिले. "मी कुणाला बोललो नाही. बोलूंगा भी नई. बच्चियां छोट्या हायेत त्याच्या."

मशीन कसे चालते हे मी त्यांच्याकडून समजून घेतले. डिसेंबरात विचारायला हवे होते ते प्रश्न मी फेब्रुवारीत, दवाखान्याच्या जिन्यापाशी विचारले. प्रेसला दोन मोठी बटणे असतात, दोन्ही बाजूंना. दोन्ही तळव्यांनी एकदम दाबली तरच वरचा भाग खाली येतो, म्हणजे त्या वेळी दोन्ही हात बाहेरच असतात. त्या प्रेसवर उजव्या बटणात लाकडी पाचर ठोकून ते कायमचे दाबून ठेवले होते. उजवा हात पत्रा लावायला आणि काढायला मोकळा राही, डावा तळवा डाव्या बटणावर. त्याशिवाय पाळीचे टार्गेट होत नव्हते. पाचर कुणी ठोकली, हे चाचांनी सांगितले नाही. सगळ्याच मशीनवर आहे, एवढेच म्हणाले.

बाकीचे आत वॉर्डात जखमी ऑपरेटरने स्वतः सांगितले. पत्रा लावत असताना धडधड सुरू झाली. मशीन सोडून बाहेर गेले असते तर सुपरवायझरने विचारले असते, म्हणून उठले नाहीत. डोळे मिटले. पहिला श्वास घेतला, सोडला. दुसरा श्वास सोडताना खांदे आणि हात सैल सोडले. डावा तळवा बटणावर होता. त्याचा भार बटणावर गेला. उजवा हात आतच होता.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं, सर," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. बरोबर केले ना, असे विचारल्यासारखे ते बोलले.

मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुम्ही कशावर काम करता ते मी विचारलं नाही."

पत्नी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. "टेलरचं काय चुकलं यात?" तिने विचारले.

"हे टेलर नायेत," ते म्हणाले, आणि मग सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले. डबा उघडला, पुन्हा बंद केला.

"मला सांगितलं असतं तर मी काय गावभर दवंडी दिली असती?"

"तू नाय. तुझ्या बहिणीचा नवरा कंपनीतच हाय."

मी त्यांना म्हणालो की मी लिहून देतो. त्रास केव्हापासून होता, कोणता सराव मी शिकवला, कोणत्या शब्दांत. यात कामगाराचा निष्काळजीपणा नाही, हे माझ्या सहीने.

"बटणाचं बी लिहा," पत्नी म्हणाली.

"कायच लिहू नका," ते म्हणाले. "तुमचा कागद गेला म्हंजे डोक्याचा इलाज चालू होता हे पक्कं झालं. मग कशाची यादी?"

"बोटं गेली, अन् तुम्हाला यादीची पडलीय!"

"बोटं गेली म्हणूनच पडलीय."

माझ्याकडे येणाऱ्या माणसाची माहिती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर देता येत नाही. त्यांनी परवानगी दिली नाही. त्या रात्री मी पत्र तरीही लिहिले. दीड पान झाले. पाचरीचा उल्लेख "सहकाऱ्याने सांगितल्यानुसार" असा होता. मग तो वाचला आणि चाचांचा माग लागू नये म्हणून "मिळालेल्या माहितीनुसार" असा बदलला. पत्र फाइलमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी, ज्यांच्या देखरेखीखाली मी काम करतो त्या ज्येष्ठ बाईंना फोन करून, कुणाचे नाव न सांगता, झाले ते सांगितले. त्यांनी विचारले, "हे वाक्य आणखी किती जणांना सांगितलं आहेस?" त्या आठवड्यात मी प्रत्येकाला फोन केला. यंत्रावर काम करणारे आणखी दोघे निघाले. एक लेथवर होता, एक सिटी बस चालवत होता. बस चालवणाऱ्याने सांगितले, तो सिग्नलला करतो. डोळे मिटून. मी त्याला ते बंद करायला सांगितले.

कंपनीची चौकशी मार्चमध्ये झाली. चौकशीच्या दिवशी पाचर काढलेली होती. दोन्ही बटणे नीट चालत असल्याचे अहवालात आले. चाचांनी जबाब दिला की आपण पाठमोरे होतो, काही पाहिले नाही. ऑपरेटरच्या जबाबात एकच कारण होते: माझे लक्ष नव्हते. त्याखाली त्यांनी डाव्या हाताने सही केली. पाचर दोन दिवसांनी पुन्हा बसली, असे चाचांनी मला फोनवर सांगितले.

एप्रिलमध्ये ऑपरेटर पुन्हा खोलीत आले. उजवा हात खिशात होता. त्यांना आता पॅकिंगला बसवले होते, खोक्यांना पट्टी लावायला. धडधड आता काम करताना होत नव्हती, सकाळी गेटमधून आत जाताना होत होती.

"डोळे उघडे ठेवून करायचं काय असलं तर सांगा," ते म्हणाले.

तसे करता येते. श्वासाकडे लक्ष देण्याने ज्यांचा त्रास वाढतो त्यांना तेच शिकवतात. तळपाय जमिनीवर टेकवायचे, जमिनीचा स्पर्श जाणवू द्यायचा आणि समोर दिसणाऱ्या गोष्टी एकेक करून मनात म्हणायच्या. आम्ही खिडकीकडे तोंड करून बसलो.

"विजेची तार," ते म्हणाले. "तारेवर पतंग. फाटका. दुकानाची पाटी. खाली एक माणूस, गाडी काढायलाय, निघंना." मग विचारले, "माझा हात बी म्हणायचा का?"

"दिसत असेल तर."

त्यांनी हात खिशातून काढून मांडीवर ठेवला. वेळ संपेपर्यंत तो हात तिथेच होता.

त्यानंतर ते चार वेळा आले. पाचव्या गुरुवारी पाळी बदलल्याचा निरोप आला.

माझ्या अर्जातल्या नोकरीच्या ओळीखाली आता दुसरी ओळ आहे: दिवसभर हात कुठे असतात, डोळे कुठे असतात.

परमनंटची यादी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर लागली. त्यांचे नाव नव्हते. कारण लेखी दिले गेले नाही. सुपरवायझरने तोंडी सांगितले की मशीन चालवणारेच घेतले आहेत.

त्याच दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. मी काही विचारण्याआधी ते बोलले.

"तो कागद हाय का अजून?"

"आहे."

"बटणाचं त्यात हाय का?"

"आहे."

"चाचाचं नाव?"

"नाही."

"मग द्या. मी नाय येत. ही येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी पत्नी आली. मी दोन प्रती काढल्या होत्या, दोन्हींवर सही करून तारीख घातली. तिने जिन्यातच उभे राहून पूर्ण पत्र वाचले, पिशवीत ठेवले आणि रिक्षाने चिकलठाण्याला गेली. एक प्रत तिने कंपनीच्या गेटवर दिली आणि दुसरीवर पोच म्हणून शिक्का मागितला. शिक्का मिळाला नाही. गेटवरच्या माणसाने दुसऱ्या प्रतीच्या कोपऱ्यात पेनाने वेळ लिहून दिली: दहा वाजून वीस मिनिटे.