सात नंबरचा माग

लिंबायतच्या त्या लूम कारखान्याची तक्रार मी अजून विसरलेलो नाही. शाळा अर्ध्यावर सोडून खानदेशातून सुरतेत आलेल्या माझ्यासारख्याला पोलीस खात्याने जमादार केले, हे उपकार मोठे. म्हणून हातून चूक होईल ही धास्ती कायम असे. या केसमध्ये ती जवळजवळ झालीच होती.

शेठची तक्रार अशी, की चालू पाळीत कोणीतरी मेन स्वीच पाडतो. आठवड्यात तीनदा झाले. सगळे माग एकदम थांबतात, सुताच्या तारा तुटतात. चहावाल्याने खबर दिली, डोक्याला फडके आवळून बांधणारा कारागीर तेव्हा स्वीचजवळ असतो. त्याला चौकीत आणले. सोबत आलेला कारखान्याचा मास्तर, म्हणजे मुकादम, म्हणाला, "वर्षापूर्वी मागावरचा धावता धोटा उडून कपाळाला लागला, साहेब. तेव्हापासून डोकं दुखतं, डोकं दुखतं. नुसतं ढोंग."

मी सवयीने टेबलावर काठी आपटली. कारागीर टेबलाखाली शिरला आणि दोन्ही हातांनी कपाळ झाकून बसला. ढोंगी माणूस आधी आपल्याकडे चोरून बघतो. याने बघितले नाही. मी मास्तरला बाहेर काढले, काठी बाहेर ठेवली आणि त्याच्याशेजारी फरशीवर बसून, तोही खानदेशचा म्हणून, आमच्या अहिराणीत विचारू लागलो. तेव्हा तो बोलला.

"मला लागलं त्या सात नंबरच्या मागावर कोणी वाकलं, का मला धोटा येताना दिसतो. ओरडून ऐकू जात नाही. मग स्वीच पाडतो."

मी कारखान्यात गेलो. धोटा उडू नये म्हणून मागाला सळई लावतात. तुटलेली तार जोडताना आड येते म्हणून ती काढून ठेवलेली होती, आणि एकट्या सात नंबरचीच नव्हे. वर्षापूर्वीच्या अपघाताची नोंदही कुठे नव्हती. एवढे समोर ठेवल्यावर शेठने तक्रार मागे घेतली, सळया बसवल्या, कारागिराला आवाजापासून दूर, कापडाच्या घड्या घालण्याच्या कामावर घेतले. मी त्याला सरकारी दवाखान्यात नेले; डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला होता. दुखणे खरे आहे, आणि ही भीतीसुद्धा आजारच आहे.

पंचनाम्यात आम्ही जखमेची लांबी-रुंदी लिहितो. जी मोजता येत नाही तीही विचारायची असते, हे मी त्या फरशीवर शिकलो.

त्या कारागिराची बायको शेजारच्या गोडादऱ्याहून आली. मला वाटले, पगाराचे विचारील. ती म्हणाली, "दादा, हाऊ ढोंग नही करस, इतलं लिखी द्या. गल्लीमा दाखाडसू." नवरा ढोंगी नाही, असा कागद तिला गल्लीत दाखवायला हवा होता.

मोठ्या साहेबांची परवानगी घेऊन डॉक्टरांचे मत त्याच्या जबाबाला जोडले, नक्कल तिला दिली. ती गुजरातीत होती, म्हणून मी मराठीत वाचून दाखवली. तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा नवऱ्याला समोर बसवले आणि म्हणाली, आता याला ऐकवा.