चावडीपुढचा दगड

आमच्या घरात हळू बोलता येणारं माणूस नाही. रिसोडला बँकेत लागले तेव्हा पहिल्याच दिवशी साहेब केबिनमधून धावत बाहेर आले, कुठं भांडण लागलं ते बघायला. मी फक्त एका आजीबाईंना सही कुठं करायची ते सांगत होते. हा आवाज मला बाबांकडून मिळाला.

रस्ता रुंद होणार, त्यात आमच्या गावची जुनी चावडी जाणार असं कळलं तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? शेलूबाजारहून येणारी जीप तिच्यासमोरच थांबायची आणि उतरताना दर वेळी माझं डोकं फिरायचं. सागवानी खांब, कवेलूचं छप्पर, घडीव पायऱ्या. बाहेरचे लोक हौसेनं फोटो काढायचे. पायऱ्यांपुढे अंगणात एक चपटा दगड होता. आम्ही बौद्ध व्हायच्या आधी आमच्या माणसांनी त्या दगडापर्यंतच यायचं आणि तिथूनच काय ते बोलायचं, अशी रीत होती.

बाबांचा धाकटा भाऊ तापानं फणफणला तेव्हा आजोबा त्या दगडावर उभे राहून बैलगाडी मागत होते. बाबा तेव्हा लहान, त्यांचा हात धरून होते. वर चावडीत बसलेल्यांतून आवाज आला, ‘आयकू येत नाई, जोरानं बोल.’ आजोबा जोरानं बोलले. पुन्हा तेच. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला. गाडी मिळाली तेव्हा तिचं काम उरलं नव्हतं. आपल्या बापाचा आवाज कमी पडला, असं बाबा आयुष्यभर धरून चालले. पुढे सगळ्यांना चावडी मोकळी झाली, तरी त्या पायऱ्या ते कधी चढले नाहीत.

आणि आता गावाला चावडीचा पुळका आला. पाडू द्यायची नाही, उकलून ग्रामपंचायतीमागच्या मोकळ्या जागेत जशीच्या तशी उभी करायची. घरटी एक माणूस कामाला. आमच्या घरातून कुणी जाणार नाही, असं मी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. बाबांनी टोपी घातली. ‘मी जातो,’ म्हणाले.

मी तणतणत मागे गेले. पोरं खांबांवर, दगडांवर रंगानं नंबर टाकत होती. तो चपटा दगड सोडून सगळ्यावर नंबर पडले. बाबांनी काठीनं दगड दाखवला, ‘हा काहून सोडला?’

पाटील पुढे आले. पन्नाशीचे आहेत, माणूस वाईट नाही. ‘राहू द्या ना काका. जुन्या गोष्टी कायले उकरता?’

‘जशीच्या तशी म्हणले ना तुमी? मंग याले बी नंबर टाका. अन् पायरीपासून दोरीनं मोजा. तेवढ्याच दूर लावा.’

‘घण आणा,’ मी मध्येच ओरडले, ‘मीच फोडते तो!’

‘तू चूप राय.’

पोरांनी दोरी धरली, बाबांनी गाठ मारली आणि ती दोरी घरी आणून आरशाजवळच्या खिळ्याला अडकवली. दर रविवारी घरी आले की वेणी घालताना ती डोळ्यांसमोर. अपमान मोजून घरात कोण टांगतं?  बँकेत नोटा मोजताना माझी मोजणी चुकायला लागली. पाटलांचाही जीव थाऱ्यावर नव्हता. दोनदा घरी आले, दगड जरा बाजूला लावू का म्हणून. बाबा दोरीकडे बोट दाखवायचे.

शेवटचं कवेलू चढलं त्या दुपारी लोक जेवायला पांगले. पाटील तेवढे वर खांबाशी उभे होते. दगड मोजून जागेवर बसला होता. बाबांनी चपला काढल्या आणि काठी टेकत पायऱ्या चढायला लागले.  पूर्वी बसणारे जिथं बसत, तिथं ते बसले.

‘जाय, त्या दगडावर उभी राय,’ ते वरून ओरडले. ‘अन् काईतरी बोल. हळू बोल.’

मला त्या दगडावर पाय ठेवायचा नव्हता. ठेवला. हळू कसं बोलतात तेच आठवेना. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोलावं तसं मी म्हटलं, ‘बाबा, पाणी पायजे का?’

बाबांनी काठी बाजूला ठेवली. पाटलांनी मान खाली घातली.

‘आयकू येते वं,’ बाबा म्हणाले. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. ‘समदं आयकू येते.’