सोनोग्राफीत न दिसलेलं दुखणं

पाळी सुरू झाली तेव्हा मी सातवीत होते. बिलोली तालुक्यातलं आमचं गाव, घरची शेती. दर महिन्याला तीन दिवस मी पोटाखाली उशी दाबून पालथी पडायचे. उलट्या व्हायच्या. आई म्हणायची, "समद्या बायांना दुखतंय, माय. गप पड जरा." दहावीत भूमितीचा पेपर मी अर्धा सोडून उठले. घरात ठरलं, की मी अभ्यासच केला नव्हता.

बारावीत वडील नांदेडला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोनोग्राफी झाली. डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. वडिलांना म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. लग्न करून द्या, आपोआप थांबेल."

वडिलांनी लग्न लावून दिलं. मी सासरी औशाला आले. दुखणं थांबलं नाही; आता नवरा जवळ आला तरी दुखायचं, आणि ते सांगायचं कुणाला? पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेले, तर म्हणाले, मूल झालं की थांबेल. मूल होत नव्हतं. कामाच्या दिवशीच बरं हिचं पोट दुखतं, असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या.

बत्तिसाव्या वर्षी संडासला बसलं की आत सुरी फिरल्यासारखं होऊ लागलं, तेव्हा नवऱ्याने लातूरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं मलाच विचारलं. दुर्बिणीतून ऑपरेशन केल्यावर कागदावर चित्र काढून समजावलं. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर बाहेर, बीजांडकोशांवर आणि आतड्यांवर वाढलं होतं. पाळीच्या वेळी त्यातूनही रक्त सुटतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग सूज येते, अवयव एकमेकांना चिकटतात. एंडोमेट्रिऑसिस. माझा डावा बीजांडकोश आतड्याला चिकटला होता. साध्या सोनोग्राफीत हे पुष्कळदा दिसत नाही, म्हणाल्या.

नवऱ्याने विचारलं, आता कायमचं बरं झालं ना? "शुगरसारखं समजा," त्या म्हणाल्या. "औषधांनी ताब्यात राहील. पण पुन्हा उलटूही शकतं."

बाहेर आल्यावर नवरा रडला. मला रडू आलं नाही. एकोणीस वर्षं मी खोटी ठरले होते.

दोन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन मी एकटीच नांदेडच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांना मी आठवत नव्हते. कागद चाळून म्हणाले, "तेव्हा सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं."

"मी सांगत होते ना," मी म्हणाले. "तुम्हाला दिसलं नाही म्हणून मला दुखत नव्हतं का?"

त्यांनी बेल दाबून पुढचा पेशंट बोलावला. शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी पोट धरून आत आली, मागे तिची आई. मी खुर्ची सोडली नाही. त्या बाईला म्हटलं, हे डॉक्टर लग्न करून द्या म्हणाले तर ऐकू नका, पोरीला खरंच दुखतंय. डॉक्टर ओरडले. नर्सने माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

मी पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने ती बाई मुलीला घेऊन बाहेर आली आणि माझ्याजवळ थांबली. हळूच म्हणाली, "लग्नाचंच म्हणले. दुसरं औषध हाय का हो?"

"हाय," मी म्हणाले आणि लातूरचा पत्ता लिहून दिला. तिने चिठ्ठी बघितली, घडी घातली.

"हिच्या बापाला इचारून बघते," ती म्हणाली.

माझं डोकं पुन्हा सणकलं. पण मुलीला चालवत नव्हतं, म्हणून मी उठून तिला रिक्षापर्यंत धरून नेलं.