टस्कनीतली येळवस

लातूरहून निघताना बायकोच्या बॅगेत ज्वारीचं पीठ पाहिलं आणि मी कपाळाला हात लावला.

"सुमन, इटलीत भाकरी थापणारेस का?"

"आंबिलीपुरतं घेतलंय," ती म्हणाली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहलीच्या मधोमध येळवस (वेळ अमावस्या) येत होती. त्या दिवशी आमच्याकडची गावं ओस पडतात. सगळे रानात जाऊन पिकाची पूजा करतात, आरोळ्या देत रानाला फेरी घालतात आणि पिकावर आंबील (ज्वारीचं पीठ घातलेलं ताक) शिंपडतात. त्या साली पावसाने दगा दिला आणि रब्बीची पेरणीच झाली नाही. निलंग्याकडे शेती करणाऱ्या तिच्या भावाने, दत्ताने, फोनवर सांगून टाकलं होतं, "अक्का, औंदा येळवस न्हाई. रान काळंच हाय, पुजावं काय?" म्हणून तर ती सहलीला तयार झाली. पण सण मोकळा गेला तर भावाचं रान पुढच्या वर्षीही असंच राहील, ही धास्ती काही तिला सोडेना.

फ्लॉरेन्समध्ये मान दुखेपर्यंत छतं पाहिली. जेवणात रोज पास्ता. कितीही तिखट भुरभुरलं तरी गोडच. अमावस्येला सकाळी सुमनने नाश्त्याचं दही खोलीत नेऊन घुसळलं, किटलीतल्या उकळत्या पाण्यात पीठ कालवलं, वर लसूण ठेचून घातला आणि सगळं थर्मासमध्ये भरलं. बसमध्ये पुण्याची मंडळी नाकाला रुमाल लावून बसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

बाहेर मात्र पाहत राहावं असंच होतं. टेकड्यांमागून टेकड्या, त्यावर बोटभर उगवलेला हिरवागार गहू. आमच्या डोळ्यांना त्या साली हिरव्याची सवयच राहिली नव्हती. सुमनने माझा हात घट्ट धरला.

ऑलिव्हचं तेल चाखायला बस एका शेतघरापाशी थांबली. सगळे आत गेले, सुमन थेट गव्हात. डोक्यावर पदर, हातात थर्मास, आणि चुळकाचुळकाने आंबील शिंपडणं सुरू! घराची म्हातारी मालकीण आरडाओरडा करत धावली. तिला वाटलं, ही बाई पिकावर विषारी औषध टाकते आहे. आमची सहलप्रमुख मृणाल मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये समजावू लागली, पण म्हातारीचा विश्वास बसेना. शेवटी सुमनने झाकणात आंबील ओतली, स्वतः प्यायली आणि पुन्हा झाकण भरून तिच्यापुढे धरलं. येळवशीला रानात आलेल्याला उपाशी धाडत नाहीत. म्हातारीने घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि पुन्हा झाकण पुढे केलं.

भावाला हिरवं रान दाखवावं म्हणून सुमनने व्हिडिओ फोन लावला. पडद्यावर काळी, भेगाळलेली जमीन दिसली. बाभळीखाली चुना लावलेले पाच दगड, पाच पांडव, मांडलेले. शेजारी दत्ता, हातात आंबिलीचं मडकं.

"तू तर न्हाई म्हणला होतास रे!"

"दिवस मोकळा जाऊ द्यावा वाटंना, अक्का. एकटाच आलो." मग त्याने विचारलं, "रानाला फेरी झाली का तुझी?"

"न्हाई. मधीच आडवलं."

"मग फिर तिकडून. मी इकडून फिरतो."

मृणालने हे म्हातारीला सांगितलं. म्हातारीने सुमनचा दंड धरला आणि दोघी चालू लागल्या. गव्हाची कड टेकडीपलीकडे जात होती. बस खोळंबली, पण हॉर्न कोणी वाजवला नाही. सुमन इथे शिंपडत होती. फोनमधून दत्ताची आरोळी आणि कोरड्या ढेकळांवर पडणाऱ्या त्याच्या पायांचा आवाज येत होता. माझे डोळे भरून आले. रुमाल मी पुण्याच्या मंडळींकडूनच मागून घेतला.

लातूरला परतलो तेव्हा नळाला पाणी नव्हतं आणि रानं होती तशीच काळी होती. आता कोणीही येतं आणि विचारतं, इटलीत काय पाहिलं? मी कलता मनोरा, कालवे, चर्च असं पाठ म्हणून दाखवतो.

सुमन म्हणते, "माझ्या भावाचं रान."