मेलेली जोडी

तारवाले तसे देवमाणूस, पण कानाचा भारी गर्व. टेलिफोनच्या तारांत चौतीस वर्षं गेली. कोपऱ्यावरची लोखंडी पेटी उघडायची, तपासणीचा फोन लावायचा नि कान द्यायचा. घूं आवाज आला तर तारांची जोडी जिवंत, नाही आला तर मेलेली. तरी त्यांचा नियम होता, की दार वाजवून विचारल्याशिवाय कुणाची जोडी काढायची नाही.

मग धंदेवाल्यांसाठी वेगवान इंटरनेट आलं. नवी तार टाकायची नाही, टेलिफोनच्याच दोन जुन्या जोड्या एकत्र बांधायच्या, की वेग दुप्पट. छापखाना, दवाखाना, कुरियरवाला, जो तो आजच्या आज मागणार! पेटीत मोकळ्या जोड्या होत्या कुठे? मेलेल्या शोधा, असा वरून हुकूम सुटला.

त्या गुरुवारी छापखान्याचा मालक अगदी डोक्यावर बसला. "काका, बाराच्या आत फाइल जायला हवी हो!"

तारवाल्यांनी एक जोडी ऐकली. मुकी. वहीतला नंबर पुसट झालेला. कुणाची ते बघायचं तर मागच्या इमारतीत जाऊन शोधावं लागणार, तासाची खोटी. "जाऊ दे, मेलेलीच आहे," म्हणत त्यांनी ती तोडून छापखान्याला जोडली. इंटरनेट सुसाट सुटलं. मालकाने चहा पाजला.

मेलेली कसली हो! मागच्या इमारतीत त्यांची थोरली बहीण एकटी राहायची. डोळे अधू, त्यामुळे रिसीव्हर हमखास वाकडा ठेवायची. आणि तो तसा बराच वेळ राहिला, की लाइन मुकी होते. हे तारवाल्यांनीच तिला शंभरदा बजावलं होतं, आणि नेमकं तेच त्या दिवशी त्यांना आठवू नये?

शुक्रवारी अक्का मोरीत पडली. सरपटत फोनपाशी आली, तर फोन गप्प. रविवारी तारवाले नेहमीसारखे भेटायला गेले आणि दार फोडावं लागलं. तिला दवाखान्यात पोचवून ते तडक पेटीपाशी गेले. तुटलेल्या जोडीचा माग काढला. तारांना घातलेला पीळ त्यांच्याच हातचा होता.

"शेजाऱ्यांना हाक मारायची नाहीस का गं?" त्यांनी खाटेशी बसून विचारलं.

"आवाजच फुटेना रे. पण म्हटलं, लाइन बंद पडली की तू येतोसच. वाट बघत राहिले."

त्यांना भडभडून आलं.

"काय झालं होतं लाइनला?"

"कुणीतरी... चुकून तोडली, अक्का."

"हात झडोत मेल्याचे!" अक्का म्हणाली आणि तिने पाणी मागितलं.

तारवाल्यांनी चमच्याचमच्याने पाजलं. निम्मं उशीवर सांडलं. तिसऱ्या दिवशी अक्का गेली, आणि खरं सांगायचं राहूनच गेलं.