कस्तुराबाईचा माच

झरीच्या शिवाराला लागून आमचं गाव. गावात आंब्याची झाडं थोडीच उरली, पण जी उरली ती आपापल्या नावासकट उरली. आश्रुबाच्या बांधावरच्या झाडाचं नाव शेप्या. फळ लहान, साल जाड आणि रसाला शेपूच्या भाजीचा हलका वास. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. दुसऱ्या झाडांचे आंबे खाऊन लोकांचं मन भरतं, तेव्हा कुठं शेप्याला पाड लागतो. उन्हाळ्याचा शेवट आमच्याकडं कॅलेंडर बघून कळत नाही, या झाडाखालून जाताना कळतो.

त्या झाडाची खरी मालकीण म्हणजे आश्रुबाची बायको कस्तुराबाई. अंगानं बारीक, चालणं झपझप, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी हसू येतं, मग लागतं. आंबे उतरवले की ती मधल्या अंधाऱ्या खोलीत माच घालते. खालून घूस लागू नये म्हणून आश्रुबाची झोपायची लाकडी बाज घ्यायची, तिच्यावर गव्हाच्या काडाचा जाड थर, त्यावर आंबे, वर पुन्हा काड, पुन्हा आंबे. सगळ्यात वर गोणपाट. माच पिकेपर्यंत आश्रुबा जमिनीवर झोपतो आणि रोज सकाळी कंबर धरून उठतो.

"आंबे माझ्या बाजंवर, आन् मी भुईवर," तो म्हणतो.

"आंबे घोरत न्हाईत," कस्तुराबाई म्हणते.

या घराची रीत अशी, की माच वटपौर्णिमेलाच उघडायचा, आणि तोही सासरी दिलेल्या लेकीच्या हातानं. घरात राहणाऱ्या कुणी काडाला बोटही लावायचं नाही. तोवर शेप्याचा एकही आंबा कुणाच्या तोंडात जायचा नाही. ही रीत कस्तुराबाईच्या सासूनं घातली. का घातली, तेही तिनं नव्या सुनेला चुलीपाशी बसून सांगितलं होतं. "बाई, माझी लेक लांब दिली. हे बापलेक कामाच्या नादात तिला आणायचं इसरतील. पण घरात आंबे सडायलेत म्हणल्यावर कसे बसतील?"

सासू गेली. रीत राहिली. कस्तुराबाईला पोटची लेक नाही, एकुलता एक परमेश्वर. तेव्हा घरची लेक म्हणजे नणंद सगुणाबाई, सोनपेठला दिलेली. दर साली आश्रुबा तिला आणायला जायचा. ती यायची, कमरेला पदर खोचायची, गोणपाट बाजूला करायची, आणि घरभर असा वास सुटायचा की शेजारचे लोक न बोलावता यायचे. मग परातीत रस, पुरणाच्या पोळ्या आणि नणंद-भावजयींची रात्र सरेपर्यंत न संपणारी भांडणं. त्या भांडणांसाठीच कस्तुराबाई वर्षभर बोलणी साठवून ठेवायची.

यंदा पौर्णिमा जवळ आली आणि सोनपेठहून फोन आला. सगुणाबाई ओट्यावरून घसरली होती. पायाला प्लास्टर, गाडीत बसायचं नाही.

"वहिनी, यंदा तूच उघड," सगुणाबाई म्हणाली. आवाज हसरा होता, पण मधेच थांबला.

"मी कशी उघडू, वन्सं? मी घरची हाय."

फोन ठेवल्यावर घरात पंचायत बसली. परमेश्वर म्हणाला, "माय, व्हिडिओ कॉल लावू. आत्या तिकडून सांगंल, आपुन हिकडं उघडू."

"फोनातून आत्याचा हात भाईर येतो का?"

सून प्रियांका म्हणाली, "मग आत्याबाईचा पाय बरा होऊस्तोर थांबू."

कस्तुराबाई उठून मधल्या खोलीच्या दारात गेली, डोळे मिटून वास घेतला. वास अजून काडाच्या आतच होता, पण दाटलेला होता. एक-दोन दिवस, बस. त्यानंतर तळचे आंबे पाणी सोडणार. सासूनं लेकीसाठी लढवलेली एवढी युक्ती, आणि ती आपल्या हातून सडणार. त्या दिवशी ती जेवली नाही.

पौर्णिमेला सकाळी ती वडाला जाऊन आली. सूत गुंडाळताना बायकांनी विचारलं, "सगुणा न्हाई आली?" घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

"चंद्रभानचा टेंपो बोलवा," ती आश्रुबाला म्हणाली. "माच सोनपेठला न्यायचा."

"अगं, पिकाला आलेला माच हालवतात का कुठं?"

"लेक हालंना, तर माच हालंल."

"आन् उचलायचा कसा? काडाला तर हात लावू देत न्हाईस."

"बाज तुमची हाय ना? बाजंचे पाय धरा."

बापलेकांनी पाय धरले. पण बाज दारातून निघेना. कलती केली तर आंबे घरंगळणार. शेवटी परमेश्वरानं दाराची दोन्ही फळकुटं काढून भिंतीला टेकवली, चौकटीत पुढं आलेला खिळा ठोकला, तेव्हा कुठं बाज बोटभर जागा राखून बाहेर आली. प्रियांकानं वरून पांढरी चादर टाकली, ऊन लागू नये म्हणून, आणि चारी बाजूंनी खोचली. चंद्रभान टेंपो असा हळू चालवत निघाला, जसं काही मागं बाळंतीण बसली आहे.

परभणी गेली. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, पुलावर कस्तुराबाईनं हात जोडले. गंगाखेडला टेंपो गर्दीत थांबला तेव्हा एका म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, पाव्हणं?"

आश्रुबानं पुढच्या सीटवरून मागं वळून बाजेकडं बघितलं. पांढरी चादर, भोवती बसलेली उदास माणसं. "कोणी न्हाई हो," तो म्हणाला, "आंबे हायेत."

म्हातारा टोपी हातात धरून तसाच उभा राहिला.

इथं सगळ्यांना हसू आलं, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही की सोनपेठला आपण येतोय हे सांगितलेलंच नाही. सगुणाबाई ओसरीत खुर्चीवर पाय लांब करून बसली होती. दारात टेंपो थांबला. आत बाज, बाजेवर पांढरी चादर, शेजारी भावजय, भाचा, भाच्याची बायको. भाऊ तेवढा दिसेना.

"दादा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की गल्ली जमा झाली. "अवं, माझा दादा!"

आश्रुबा पुढं चंद्रभानच्या शेजारी बसला होता. घाबरून खाली उतरला. "काय गं, काय झालं?"

सगुणाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग हातातला वारा घ्यायचा पुठ्ठा त्याला फेकून मारला. "जित्ता हायेस तर आधी उतरता येत न्हाई? आन् वहिनी, ह्ये काय सोंग आणलंस?"

"सोंग न्हाई, माहेर आणलंय," कस्तुराबाई म्हणाली. "उघड आता. आमचे हात कवाचे बांधलेत."

बाज ओसरीत खुर्चीला लावून ठेवली. सगुणाबाईनं चादर काढली, गोणपाट सारलं, आणि कोपरापर्यंत हात काडात घातला. वास गल्लीत गेला. हाताला आलेला पहिला आंबा तिनं गालाला लावला आणि काही वेळ तसाच धरून ठेवला. मग कस्तुराबाईच्या हातात दिला. "खा. सकाळपासून उपाशी असशील."

तळचे काही आंबे दबले होते. ते तिथंच चोखून संपले. बाकीच्यांचा रस झाला, परात कमी पडली म्हणून घमेलं घासून घेतलं. दिनकरराव म्हणजे सगुणाबाईचे मालक दर सालचा रस डब्यातून येईल तेवढाच खायचे. यंदा ते वाटी सोडून तांब्यानं प्यायले. नणंद-भावजयींनी वर्षाची भांडणं काढली. दोघी इतक्या हसल्या की प्लास्टरवर रस सांडला.

दिवस कलल्यावर परमेश्वर रिकामी बाज उचलायला आला. सगुणाबाईनं काठी आडवी केली.

"बाज हितंच ऱ्हाऊ दे."

"अगं सगुणे," आश्रुबा काकुळतीला आला, "मग मी निजू कशावर?"

"भुईवर निज. कंबर दुखायली की ये न्यायला."

आश्रुबा काही बोलायला गेला, तर कस्तुराबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. तिला रीतीचं कारण सांगतानाचं सासूचं चुलीपुढचं तोंड आठवलं होतं, आणि ते हुबेहूब आता समोर खुर्चीवर बसलं होतं.