पडद्यामागची नस

डोळ्यांच्या दवाखान्यात समोरचे आजोबा चांगला डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचू बघत होते. आमचे हेही असंच करायचे. पडद्याखाली पाणी साचलंय म्हणून यांनी दोन वर्षं डोळ्यात इंजेक्शनं घेतली, पण पाणी हटेना. शेवटी नव्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “दोष मागच्या नसेत होता. तिकडे कुणी पाहिलंच नाही. आता गेलेली नजर परत येणार नाही.”

ओल दिसते तिथेच आपण पुसत बसतो, आणि मागे सगळं संपून जातं.

“गेल्या खेपेला सातचा आकडा दिसत होता,” आजोबा पुटपुटले.

“दिसेल पुन्हा,” मी म्हटलं. दोन वर्षं यांनाही मी हेच सांगत आले होते.

शेजारी बसलेल्या यांनी नुसती मान फिरवली.